तळ्याच्या जागेवरचे मैदान

मागे थिबा राजवाड्यावर लिहिले होते. ते वाचून दोघातिघा ब्लॉगमित्रांनी कळवले, "सर, राजवाडे आणि किल्ले यांवर सगळेच लिहितात. जिथे रोज माणसे जमतात अशा एखाद्या वास्तूवर लिहा." सूचना पटली. मग अशी वास्तू कोणती, हा विचार करू लागलो. देऊळ, एस.टी. स्टँड, नाट्यगृह... आणि एकदम डोळ्यासमोर आले कोल्हापूरचे शाहू स्टेडियम.

रत्नागिरीच्या माणसाने फुटबॉलवर लिहावे हे जरा विचित्रच. आमच्याकडे मारुती मंदिराजवळ छत्रपती शिवाजी स्टेडियम आहे, पण आमचा जीव क्रिकेटमध्ये आणि कबड्डीत. फुटबॉल आमच्याकडे पावसाळ्यात पोरे चिखलात खेळतात तेवढाच. पण माझी आत्या कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायची. १९८० च्या दशकात सुट्टीत तिच्याकडे गेलो की आत्येभाऊ दुपारचे जेवण होताच शर्ट चढवायचा आणि म्हणायचा, "चला मास्तर, मॅच हाय." हाताने घड्याळ दाखवायचा आणि मी चपला घालेपर्यंत जिना उतरलेला असायचा! आंबा घाट चढून गेले की सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर केवढे वेगळे जग आहे, हे मला त्या स्टेडियमने शिकवले.

आज त्या जागेचा इतिहास आणि तिची रचना यांबद्दल थोडे लिहितो. मी इतिहास शिकवायचो, स्थापत्य नाही. तेव्हा विटा-सिमेंटचा हिशोब कोणी मागू नये.

आधी जागा कुठे आहे ते पाहू, कारण या स्टेडियमची निम्मी गोष्ट त्याच्या जागेत आहे. मिरजकर तिकटीच्या बाजूने खासबागेकडे निघालात की अगदी थोड्या चालीच्या परिसरात चार वास्तू लागतात. खासबागेचे कुस्तीचे मैदान. त्याला पाठ लावून उभे असलेले केशवराव भोसले नाट्यगृह, म्हणजे जुने पॅलेस थिएटर. साठमारी. आणि शाहू स्टेडियम. एक कुस्तीसाठी, एक नाटकासाठी, एक हत्तींच्या खेळासाठी आणि एक फुटबॉलसाठी. चारही ठिकाणी काम एकच : मध्ये काहीतरी चालू आहे आणि भोवती माणसे बसून किंवा उभी राहून बघत आहेत. एखाद्या गावात बघणाऱ्यांसाठी इतका विचार एकाच ठिकाणी झालेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

याचे मूळ अर्थातच राजर्षी शाहू महाराज. सन १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे कोलोसियम पाहिले आणि तसेच मैदान आपल्या पैलवानांसाठी असावे असे त्यांच्या मनाने घेतले, असे कोल्हापुरात सांगतात. त्यातून खासबागेचे मैदान झाले. १९१२ साली तिथे पहिल्या कुस्त्या झाल्या. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती मातीच्या भरावाचा गोल चढ. त्या चढावर कुठेही बसा, समोरच्याचे डोके आड येत नाही. मध्ये एक खांब नाही. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही पैलवानाची पकड दिसावी, ही त्यातली कल्पना.

इथे एक योगायोग सांगावासा वाटतो. त्याच १९०२ साली, ५ एप्रिलला, स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरातल्या आयब्रॉक्स मैदानावर इंग्लंड-स्कॉटलंड फुटबॉल सामना चालू असताना प्रेक्षकांचा एक लाकडी सज्जा कोसळला. लोखंडी सांगाड्यावर फळ्या ठोकून तो उंच उभा केलेला होता. गर्दीच्या भाराने फळ्या मोडल्या आणि सुमारे १२ मीटर खाली माणसे पडली. २५ जण गेले, पाचशेच्या वर जखमी झाले. त्यानंतर विलायतेत प्रेक्षकांच्या पायऱ्या पोकळ सांगाड्यावर न बांधता मातीच्या भक्कम भरावावर बांधण्याकडे कल गेला. इकडे खासबागेतही मातीचाच भराव. आपल्याकडच्या माणसांना माती काय भार घेते हे बांध घालून घालून ठाऊक होतेच. हजारो माणसे एकदम उभी राहून ओरडू लागली तर पायाखाली काय असावे, या प्रश्नाला दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले.

खासबागेला लागून १९१५ साली पॅलेस थिएटर सुरू झाले. तिथेही प्रेक्षागृहात मध्ये खांब नाही. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. दूरदर्शन संचावर ती दृश्ये बघताना आमच्या घरात कोणी बोलत नव्हते. ते पुन्हा उभे करण्याचे काम पुढे हाती घेण्यात आले. पण ज्यांनी तिथे रात्र रात्र नाटके पाहिली त्यांच्या मनातले कसे उभे करणार? असो. विषयांतर झाले.

साठमारीबद्दल नव्या पिढीला सांगायला हवे. साठमारी म्हणजे हत्तीला चिडवून, अंगावर घेऊन, त्याला चकवण्याचा खेळ. हे करणारा तो साठमार. त्यासाठी दगडी भिंतीचे गोल आवार आणि आत साठमाराला लपायला छोटे बुरुजासारखे आडोसे. हत्ती धावून आला की माणूस आडोशामागे शिरणार, हत्तीला तिथे शिरता येत नाही. बघणारे वरून सुरक्षित. आजच्या भाषेत सांगायचे तर खेळणारा आणि बघणारा यांच्यात किती अंतर आणि कशाचे कुंपण हवे, याचा विचार करून बांधलेली ती वास्तू. आता हत्तीही गेले आणि तो खेळही गेला, ते बरेच झाले.

आता आपल्या स्टेडियमकडे येतो.

कोल्हापूर हे पूर्वी तळ्यांचे गाव होते. रंकाळा आणि कोटीतीर्थ आजही आहेत. पण त्याखेरीज गावात ठिकठिकाणी तळी होती : वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, सिद्धाळा, रावणेश्वर आणि आणखी काही. पाणी भरणे, धुणे, जनावरे, गणपती, सगळे तिथेच. १८८० च्या दशकात कळंब्याच्या तलावातून नळाने पाणी गावात येऊ लागले. हळूहळू या तळ्यांचे काम संपत गेले. वापर नसलेले पाणी साचते, घाण होते, डास होतात. मग ती एकेक करून बुजवली गेली. कपिलतीर्थाच्या जागी मंडई झाली. सिद्धाळ्याची बाग झाली. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले. आणि रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. रावणेश्वर महादेवाचे देऊळ आजही शेजारी आहे. तळे गेले, देव राहिला.

मला यात एक गोष्ट फार लक्षात घेण्यासारखी वाटते. तळी बुजवल्यावर त्या जागांवर इमले चढवून त्या विकून टाकल्या असत्या तर कोणी अडवले असते? पण मंडई, बाग, मैदान, स्टेडियम, ही सगळी पुन्हा सार्वजनिक कामेच झाली. जिथे बायका घागरी घेऊन जमायच्या तिथे आता भाजी घ्यायला जमतात. जिथे पोरे डुंबायची तिथे आता पोरे चेंडूमागे धावतात. जागेचा उपयोग बदलला, पण ती चार माणसांची राहिली. आपल्या गावातल्या किती तळ्यांबद्दल आपल्याला असे म्हणता येईल?

अर्थात पाणी आपली जागा विसरत नाही म्हणतात ते खरेच. गांधी मैदानावर पावसाळ्यात पाणी साचते, ही कोल्हापूरकरांची नेहमीची तक्रार. वर्तमानपत्रात दरवर्षी फोटो येतो. वरुणतीर्थ आपल्या नावाला जागते म्हणायचे! २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर तर पाणी मुरायच्या, थांबायच्या जागा आपण कुठे कुठे घालवल्या याची चर्चा गावोगाव झाली. तळे बुजवून स्टेडियम केले हे कौतुकाने सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी, म्हणून हे लिहिले.

स्टेडियमची रचना सांगायची तर ती अगदी साधी आहे. मध्ये मैदान, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या, बाहेरच्या अंगाला दुकानांचे गाळे. बाहेरून जाणाऱ्या परक्या माणसाला आत एवढे मोठे मैदान आहे हे चटकन कळणारही नाही. दुकाने, रिक्षा, भेळ, वर्दळ. मग एका दारातून आत शिरायचे, आणि एकदम मोकळे आभाळ. खोलगट तळ्याच्या काठावर उभे राहिल्यासारखे वाटते. भोवताली पेठांची घरे. विलायतेतल्या किंवा मुंबईतल्या नव्या स्टेडियमसारखे डोळे दिपवणारे काही नाही. पण सामन्याच्या दिवशी पायऱ्या भरल्या की दिसतात ती फक्त माणसे. सिमेंट दिसतच नाही.

आता थोडे गणित. (माजी विद्यार्थी हसतील, कारण गणिताचा तास मला चुकूनच दिला जायचा.) खासबागेचे मैदान गोल आहे, मग फुटबॉलचे गोल का नको? कुस्तीचा हौदा लहान. गोल कड्यात बसलेला प्रत्येक माणूस हौद्यापासून सारखाच जवळ. पण फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद. त्याचे चार कोपरे मावतील असे वर्तुळ काढायचे तर व्यास १२५ मीटर हवा. पायथागोरसने सांगितलेलेच आहे. म्हणजे मधल्या रेषेवर बसलेला माणूस खेळापासून २८ मीटर लांब जाऊन पडतो, आणि ही सगळ्यात चांगली जागा! म्हणून फुटबॉलच्या पायऱ्या मैदानाच्या आकाराला धरून लांबट बांधाव्या लागतात. त्यातच धावण्याचा ४०० मीटरचा ट्रॅक घातला तर गोलपोस्टच्या मागे बसणारा गोलरेषेपासून सुमारे ३५ मीटर मागे जातो. पुण्याला १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीचे क्रीडासंकुल झाले. तिथे ट्रॅक आहे, आणि तो हवाच, कारण ते सर्व खेळांसाठी आहे. पण फुटबॉल बघणाऱ्याला तिथे खेळाडूचा घाम दिसत नाही.

दुसरी गोष्ट नजरेची. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही, कारण सगळे बाक एका पातळीवर. पायरीवर पायरी चढवली की पुढच्याच्या डोक्यावरून दिसते. पण किती चढवायची? जसजसे मागे जावे तसतशी नजर सपाट होत जाते, म्हणून मागच्या पायऱ्या पुढच्यापेक्षा जास्त उंच लागतात. नव्या मोठ्या स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावर चढताना छातीत धडधडते ते यामुळेच. आणि छप्पर घालायचे तर खांब आडवे येतात. खांब नको तर मागून आधार देऊन पुढे अधांतरी झेपावणारे छप्पर हवे. नवी मुंबईत नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये झाले, तिथे असे बिनखांबी छप्पर आहे. २०१७ चे सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे काही सामने तिथे झाले, आणि २०२२ मध्ये मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथेच. पुतण्याने मला एकदा ते स्टेडियम दाखवले. वास्तू भव्य आहे यात वाद नाही. पण सामना संपल्यावर वीस मिनिटांत सगळे लोकलने आणि गाड्यांनी पांगले. जणू कोणी त्या गावचे नव्हतेच.

मुंबईचे कूपरेज पहा. नावाचा अर्थ लाकडी पिंपे बनवण्याची जागा. कंपनीच्या काळात तिथे पिंपांचे कारखाने होते, तेच नाव मैदानाला चिकटले. १८९१ पासूनची रोव्हर्स कप स्पर्धा या मैदानामुळे देशभर गाजली. सुरुवातीला गोऱ्या पलटणींचेच संघ ती जिंकायचे. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या हिंदी संघाने ती पहिल्यांदा जिंकली. इतिहास मोठा, यात शंका नाही. पण कूपरेजच्या भोवती ऑफिसे आणि सरकारी इमारती. गोव्यात मडगावला फातोर्ड्याचे स्टेडियम १९८९ मध्ये झाले. गोव्यात फुटबॉल घराघरांत आहे, पण तिथेही गावोगावचे लोक गाड्या काढून येतात.

कोल्हापूरचे वेगळेपण इथे आहे. शाहू स्टेडियमवर प्रेक्षक चालत येतात. खेळाडूही कित्येकदा तसेच. कारण संघ म्हणजे पेठेतली तालीम. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी, संध्यामठ... नावे वाचूनच कळते की हे क्लब कोणा कंपनीने काढलेले नाहीत. तालीम मुळात कुस्तीची. तांबडी माती, हनुमानाचा फोटो, पहाटेचे जोर-बैठका. त्याच तालमीने गणपती बसवायचा, त्याच तालमीने भांडणे मिटवायची (आणि कधी काढायचीही), आणि त्याच तालमीचा फुटबॉल संघ. संस्थानकाळात राजाराम महाराजांनी या खेळाला हात दिला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची के.एस.ए., आजही इथली लीग चालवते. जगात फुटबॉलचे क्लब गिरण्यांतून निघाले, चर्चमधून निघाले, रेल्वेच्या कारखान्यांतून निघाले. आखाड्यातून निघालेले माझ्या वाचनात फक्त कोल्हापूरचे.

आत्येभावाबरोबर गेलो की तो आधी कुठे बसायचे ते ठरवायचा. कुठल्या बाजूला कुठली पेठ बसते हे ठरलेले. तिकिटावर तसे काही लिहिलेले नसते, पण सगळ्यांना ठाऊक असते. माझ्यासारखा कोकणी चुकून भलत्याच पायरीवर बसला तर शेजारचा प्रेमाने विचारणार, "पाव्हणं, कुणाचं?" याचे उत्तर विचार करूनच द्यावे लागते. मी "रत्नागिरीचा" म्हणायचो, म्हणजे सुटका व्हायची. वर शेंगा मिळायच्या.

पायरीवरून दिसणारा खेळ मला किती कळायचा ते सोडा. पण एक गोष्ट कळली. मैदानातल्या अकराजणांपैकी प्रत्येकाला पायरीवरचे लोक घरच्या नावाने ओळखत होते. कोणाचा मुलगा, कुठे कामाला, लहानपणी कुठल्या गल्लीत काच फोडली, सगळे. चेंडू चुकला की शिवी त्याला एकट्याला नाही, सगळ्या खानदानाला! आणि गोल झाला की तो उरात भरलेला आनंदही सगळ्या पेठेचा. २०१७ च्या विश्वचषकात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो दिल्लीला खेळत होता आणि इकडे पेठांत मिठाई वाटली जात होती, असे आत्येभावाने फोनवर सांगितले. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी तर मेस्सी, नेमार, रोनाल्डो यांचे भलेमोठे कटआउट रस्त्यात उभे राहिले. ब्राझीलचे गट, अर्जेंटिनाचे गट. नाद खुळा म्हणतात तो हा.

आता कडू भाग. या जवळिकीचीच दुसरी बाजू म्हणजे हुल्लडबाजी. दोन पेठांचा सामना असला की पायऱ्यांवर बाचाबाची, मग बाटल्या, दगड, मग मैदानात घुसणे, मग पोलिसांचा लाठीमार. सामना मैदानात संपतो आणि भांडण गल्लीत चालू राहते. कारण हरलेला आणि जिंकलेला दोघेही त्याच रस्त्याने चालत घरी जाणार! असे प्रकार वर्तमानपत्रात वारंवार येतात. पेठेतली साधी माणसे, विशेषतः बायका आणि लहान मुले, मग सामन्याला यायला कचरतात. मुलींचेही संघ आता खेळू लागले आहेत. त्यांच्या आयांना पायरीवर निर्धास्त बसता आले पाहिजे.

हे काही कोल्हापुरातच घडते असे नाही. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात प्रेक्षकांत मारामारी होऊन चेंगराचेंगरीत १६ जण गेले. १९८९ मध्ये इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर तर कसली मारामारीही नव्हती. गर्दी एकाच बाजूच्या दारातून आत सोडली गेली, पुढे लोखंडी कुंपण, बाहेर पडायला वाट नाही. ९७ जणांचा जीव गेला. सुरुवातीला दोष प्रेक्षकांवर ढकलला गेला. पुढे अनेक वर्षांनी चौकशीत सिद्ध झाले की चूक बंदोबस्ताची होती. यातून एक धडा मिळतो : गर्दीला दोष देण्याआधी दारे मोजावीत.

माझा पुतण्या पुण्यात असतो. याच विषयावर दिवाळीत आमचा वाद झाला. तो म्हणाला, "काका, गावाच्या मध्यात स्टेडियम हवेच कशाला? पार्किंग नाही, भांडणे होतात, ट्रॅफिक अडतो. हायवेजवळ पंचवीस एकर घ्यावेत आणि झकास स्टेडियम बांधावे. त्या जागेचे सोने होईल." त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. नवे, मोठे, राष्ट्रीय सामने घेता येतील असे मैदान कोल्हापूरला मिळाले तर आनंदच आहे. तिथल्या पोरांची ती लायकी आहे.

पण "त्या जागेचे सोने होईल" हे वाक्य मला खटकले. सोने कोणाचे होईल? तळे बुजवले तेव्हा ती जागा गावाच्या गावालाच मिळाली. आता एकदा ती बाजारात गेली की पुन्हा कधी चार माणसांची होणार नाही. आणि हायवेवरच्या स्टेडियमला जायला गाडी लागते, वेळ लागतो, पैसे लागतात. तालमीतला जो पोरगा दुपारी काम संपवून चालत मैदानात जातो, तो तिथे कसा जाणार? जो म्हातारा गेली पन्नास वर्षे एकाच पायरीवर बसतो, तो काय बस पकडणार? भांडणे मात्र जातील बहुतेक, कारण बघणारेच राहणार नाहीत. आजारी माणसालाच घराबाहेर काढले की घरातला आजार जातो, त्यातला हा प्रकार.

भांडणावर उपाय जागेवरच करता येतात असे मला वाटते. दोन बाजूंच्या समर्थकांना येण्याजाण्याची वेगळी दारे. दारे पुरेशी रुंद आणि सामना संपण्याआधी उघडलेली. बायका-मुलांसाठी बसायची नीट सोय, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी. एका बाजूला आधी सोडायचे, दुसऱ्या बाजूला दहा मिनिटांनी. शाळा सुटताना आम्ही पाचवी ते सातवी आधी सोडायचो आणि दहावी शेवटी. हजार मुलांची शाळा त्या एका नियमावर बिनधोक रिकामी व्हायची. आणि बाकीचे काम तालमींचे. ज्या तालमीने पेठेतली भांडणे पिढ्यान्‌पिढ्या मिटवली, तिला आपल्या पोरांना पायरीवर आवरता येत नाही हे मला पटत नाही. एखाद्या संघाचे गुण कापले की पेठेतल्या वडीलधाऱ्यांचा आवाज आपोआप चढतो.

साठमारीच्या त्या दगडी आवारात माणसाने पिसाळलेल्या हत्तीपासून वाचायची युक्ती शंभर वर्षांपूर्वी शोधली होती. आणि शेजारीच खासबागेत शेवटच्या रांगेतल्या माणसाची कदर केली होती. या दोन्ही गोष्टी हाकेच्या अंतरावर आहेत. शाहू स्टेडियमची डागडुजी करणाऱ्याने लंडनला जाण्याआधी तिथे एक चक्कर मारावी, एवढेच माझे म्हणणे.

आत्या जाऊन आता बरीच वर्षे झाली. आत्येभावाचे गुडघे दुखतात, पण सामना असला की तो अजून जातो, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. नातू दुसऱ्याच तालमीचा समर्थक निघाला आहे, त्यामुळे दारापर्यंत दोघे बरोबर आणि आत गेल्यावर वेगवेगळ्या पायऱ्यांवर! परवा फोनवर त्याची तक्रार करत होता, पण आवाजात तक्रार नव्हती.

मंडळी, तुमच्या गावातही एखादे बुजवलेले तळे असेल. त्याच्या जागी आज काय आहे, ते जरूर लिहा. नातेवाईकांपैकी जे कोल्हापूरला जाणार असतील त्यांनी रंकाळा आणि अंबाबाई झाल्यावर थोडी वाट वाकडी करून रावणेश्वराचे दर्शन घ्यावे आणि शेजारच्या दारातून आत डोकवावे. सामना चालू असेल तर बसावे. कोणी विचारले "कुणाचं?" तर माझे उत्तर उसने घ्यायला हरकत नाही.